मुलासाठी नोकरी थांबवताना : वाचकांचे प्रश्न

स्वमग्न (ऑटिझम) किंवा एडीएचडी (एकाग्रता न होणं, अतिचंचलता) असलेलं मूल थकून पार कोलमडतं, शाळा सुटते, आणि घरात प्रश्न उभा राहतो : नोकरी कोणी सोडायची? या महिन्यात आलेली बरीच पत्रं याच प्रश्नाची आहेत. त्यातली चार इथे घेतली आहेत. उत्तरं बालविकास, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरगुती अर्थनियोजन या क्षेत्रांत काम करणाऱ्या आमच्या गटाने मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा, सहावीत आहे. पाचव्या वर्षी स्वमग्नतेचं निदान झालं. आतापर्यंत शॅडो टीचरच्या (वर्गात त्याच्या शेजारी बसणाऱ्या मदतनीस शिक्षिकेच्या) मदतीने नेहमीच्या शाळेत जात होता, मार्कही बरे होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत पाऊल टाकायला तयार नाही. दात घासणं, स्वतःहून अंघोळ सगळं थांबलं. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. दही-भात आणि एका कंपनीची बिस्किटं, एवढंच खातो. दिवसभर पांघरुणात. सासूबाई म्हणतात लाडावलाय. थेरपिस्ट म्हणतात सेशन वाढवा. मी एका खासगी कंपनीत लेखा विभागात ९ वर्षं आहे. हातात ५८,००० येतात. राजीनामा देऊ का? — एक आई, डोंबिवली

उत्तर : या आठवड्यात नको. राजीनामा द्यावा लागेलही कदाचित, पण त्याआधी तीन कामं आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं काम डॉक्टरांकडे. तुम्ही लिहिलेली लक्षणं बर्नआउटशी, म्हणजे थकून पार कोलमडण्याशी, जुळतात. २०२० साली अमेरिकेत डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांच्या अनुभवांवरून याचं वर्णन मांडलं. तीन महिने किंवा जास्त टिकणारी थकावट, आधी जमणाऱ्या गोष्टी न जमणं आणि आवाज-उजेड-स्पर्श सहन करण्याची ताकद घटणं, ही त्याची तीन अंगं. वर्षानुवर्षं ‘इतरांसारखं’ दिसण्यासाठी केलेली ओढाताण आणि त्या मानाने न मिळालेली विश्रांती हे कारण. मार्क बरे होते, त्यामुळे आत किती खर्ची पडतंय हे कोणाला दिसलं नाही, असं फार घरांत होतं. त्यामुळे सासूबाईंना एवढं नक्की सांगा : लाडावलेलं मूल आवडीच्या गोष्टी सोडत नाही, थकलेलं मूल त्याही सोडतं.

पण सगळंच बर्नआउटच्या खात्यात टाकू नका. किडलेला दात, जुनाट बद्धकोष्ठता, कानाचं दुखणं हे न बोलणाऱ्या मुलात असंच दिसतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या. दही-भात आणि बिस्किटांवर राहणाऱ्या मुलात लोह कमी असणं अगदी शक्य आहे, आणि तेही थकवा वाढवतं. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा. शाळेत कोणी छळत होतं का, याची वर्गशिक्षकांकडे आणि शॅडो टीचरकडे वेगवेगळी चौकशी करा. पाणी पिणं थांबलं, वजन घसरायला लागलं, एकाच अवस्थेत तो बराच वेळ गोठल्यासारखा राहू लागला, किंवा मरणाबद्दल बोलला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. गोठल्यासारखं होणं हे कॅटॅटोनिया या विकाराचं लक्षण असू शकतं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

दुसरं काम मागण्या कमी करण्याचं. सेशन वाढवण्याचा सल्ला आम्हाला या घडीला पटत नाही. निदान पहिले काही आठवडे शाळा, शिकवणी, थेरपीचा गृहपाठ, पाहुण्यांसमोर ‘नमस्कार कर’ हे सगळं बंद. चार गोष्टी मात्र सोडायच्या नाहीत : पाणी, अन्न, झोप आणि चालू असलेली औषधं. औषध परस्पर कमी-जास्त करू नका.

सांगण्याची पद्धतही बदला. ‘पाणी पी’ म्हटलं की ती एक मागणी होते. ‘पाणी इथे ठेवलंय’ म्हणा आणि निघून जा. ‘नीट बोल, मग देते’ हे वाक्य घरातून काढून टाका. बोट दाखवलं, फोनवर टाइप केलं, हात धरून नेलं तरी ते बोलणंच समजा. दात घासण्याचं उदाहरण घ्या. पुदिन्याची पेस्ट अशा वेळी तोंडात जळते आणि फेसाने उमासे येतात. बिनचवीची पेस्ट बघा. तीही नको असेल तर नुसता ओला मऊ ब्रश, दिवसातून एकदा, त्याला सोयीच्या वेळी, अगदी टीव्ही बघतानाही चालेल. तेवढंही होत नसेल त्या दिवशी खळखळून चूळ. अंघोळीऐवजी कोमट ओल्या पंचाने पुसणं चालतं.

स्वयंपाकघराकडे विशेष लक्ष द्या. वन बीएचकेत कुकरची शिट्टी, मिक्सर आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका यांपासून पळायला जागाच नसते. काही आठवडे भात पातेल्यात किंवा विजेच्या राइस कुकरमध्ये करा. चटण्या-वाटणं आठवड्यातून एकदाच, तो बाबांबरोबर खाली किंवा गच्चीत असताना करून ठेवा. फोडणीच्या वेळी दार बंद आणि पंखा चालू. दारावरची बेल काढून ठेवा, लोक फोन करतील. बाहेरून आवाज येतो तेव्हा कानांवर लावायचे ईअरमफ त्याच्या हाताशी असू द्या, पण चोवीस तास नकोत. सतत घातले की साधा आवाजही मोठा वाटायला लागतो.

मोबाइल-टॅबलेट सुरुवातीला हिसकावू नका. त्या दिवसांत तेवढा एकच ओळखीचा, बिनधोक कोपरा उरलेला असतो. झोप उलटी झाली असेल तर एकदम सरळ करायला जाऊ नका. जाग येण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे आणा आणि उठल्यावर खिडकीचा पडदा उघडा.

खाण्यात त्याला चालणारे पदार्थ काढून घेऊ नका. ‘भूक लागली की खाईल’ हा उपाय अशा मुलांत फसतो, काही मुलं खरंच खात नाहीत. दही-भात आणि बिस्किटं ताटात राहू द्या. शेजारी वेगळ्या वाटीत नवा पदार्थ ठेवा. त्याबद्दल बोलायचं नाही, नाही खाल्ला तर उचलून न्यायचा. बिस्किटांची दोन-तीन पाकिटं जास्तीची ठेवा. कंपनीने वेष्टन बदललं तरी काही मुलं ते खाणं सोडतात.

तिसरं काम कागदावरचं. आधी शिल्लक हक्काची रजा काढा. मग डॉक्टरांचं पत्र जोडून तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेचा लेखी अर्ज करा. खासगी नोकरीत अशी रजा देण्याची कायदेशीर सक्ती कंपनीवर नाही, त्यामुळे ही वाटाघाट आहे. परतीची तारीख, गट आरोग्य विमा चालू राहील का आणि त्याचा हप्ता कोण भरणार, हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी ‘बघू, काही अडचण नाही’ म्हणणारा वरिष्ठ तीन महिन्यांत बदलून जाऊ शकतो. ‘बर्नआउट’ हे अधिकृत निदानांच्या यादीत नाही, म्हणून पत्रात डॉक्टरांनी स्वमग्नता, चिंताविकार, खाण्याची अडचण असं जे प्रत्यक्ष निदान असेल ते लिहायला हवं. नुसतं ‘बर्नआउट’ लिहिलेलं पत्र एचआर बाजूला ठेवतं.

आता आकडे. तुम्ही पुढे कळवल्याप्रमाणे ५८,०००मधले १५,००० शॅडो टीचरचे, ८,००० दुपारच्या बाईंचे आणि ५,००० लोकल-रिक्षा-डब्याचे जातात. तुम्ही घरी असाल तर हे २८,००० वाचतात. म्हणजे घराला महिन्याला खरं भगदाड ३०,०००चं पडतं, सहा महिन्यांचे १,८०,०००. त्यात कंपनीकडून पीएफमध्ये पडणारी रक्कम मिळवा, तीही तुमची कमाईच आहे. एवढे पैसे आणि वर नेहमीचा तीन महिन्यांचा खर्च हाताशी असेल तरच राजीनाम्याचा विचार करा.

तो द्यावाच लागला, तर शेवटच्या दिवसाआधी चार गोष्टी बघा. गट विमा नोकरीबरोबर संपतो, त्यावर सासू-सासरे असतील तर त्यांचाही. त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मागा, म्हणजे आधीची वर्षं प्रतीक्षा काळात (जुन्या आजारांना संरक्षण मिळण्याआधी थांबावं लागतं त्यात) धरली जाण्याचा मार्ग उघडतो. पीएफ मोडू नका. पासबुकात पेन्शनचा रकाना भरलेला असेल तर तुमची ९ वर्षं मोलाची आहेत, कारण पेन्शनला १० वर्षं लागतात. ती रक्कम काढली तर ही सेवा पुसली जाते; त्याऐवजी झालेल्या सेवेची नोंद राखणारं स्कीम सर्टिफिकेट घ्या, पुढच्या नोकरीत वर्षं जोडली जातात. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर मिळते, तुमची झाली आहेत : शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले ९. आणि पीपीएफ खातं असेल तर वर्षाला किमान ५०० रुपये भरत राहा, खातं बंद पडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आता लिहितो. घरी राहिलेली शिकलेली आई किंवा बाप पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक करतो : ९ ते १० फ्लॅशकार्ड, १० ते ११ ऑक्युपेशनल थेरपीचे व्यायाम, दुपारी गणित. हेतू चांगला, परिणाम वाईट. मुलाच्या दृष्टीने शाळा घरात आली आणि आता सुटकेची घंटाही नाही. तुम्ही नोकरी सोडता ती घरातली घाई संपावी म्हणून. सकाळी ७.५०ची लोकल गाठायची नसली की ब्रशला वीस मिनिटं लागली तरी चालतात. या सवडीनेच मूल सावरतं. सोडलेल्या पगाराची वसुली मुलाच्या प्रगतीतून करू नका.

प्रश्न : मी नागपुरात केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे. मुलगी १६ वर्षांची, तिला स्वमग्नता आणि एडीएचडी आहे. अकरावी अर्धवट सुटली, ती रात्रंदिवस खोलीतच असते. नोकरी सोडावी असं यजमानांचं मत आहे. — वाचक, नागपूर

उत्तर : ताई, सोडू नका. केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार, पुढच्या ३६५ना ८० टक्के. वर्षात जास्तीत जास्त तीन टप्पे, एकेरी पालक महिलेला सहा. एका वेळी किमान ५ दिवस. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ही मुदत असते, पण ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर वयाची अट नाही. तुमच्याकडे म्हणूनच दोन वर्षं आहेत : तेवढ्यात मुलीचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र झालं तर अठराव्या वाढदिवसाने दार बंद होत नाही. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, मंजुरी लागते. म्हणून अर्ज आधी, डॉक्टरांच्या पत्रासह, आणि परतीच्या तारखेसह करा. अडवणूक झाली तर सर्वोच्च न्यायालयाचं एप्रिल २०२४चं मत हाताशी ठेवा : दिव्यांग मुलांच्या आईला ही रजा नाकारणं हे स्त्रियांच्या नोकरीतील समान सहभागाच्या घटनात्मक कर्तव्याविरुद्ध जातं, असं हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं. यजमान केंद्रीय सेवेत असले तरी ही रजा पुरुषांना एकेरी पालक असतानाच मिळते. आमच्या मते हा नियमच बदलायला हवा. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, नियम वेगळे आहेत.

प्रमाणपत्रासाठी अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) करायचा आणि दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. स्वमग्नता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आहे. एडीएचडी एकटं त्या यादीत नाही, हे लक्षात घेऊन कागद तयार करा. स्वमग्नतेचं मूल्यमापन आयएसएए या ४० मुद्द्यांच्या मोजपट्टीवर होतं. रुग्णालयातली गर्दी, उजेड आणि रांग थकलेल्या मुलीला झेपणार नाही आणि ती कदाचित एक अक्षरही बोलणार नाही. आदल्या दोन-तीन महिन्यांत घरी घेतलेले छोटे व्हिडिओ, जुने अहवाल आणि शाळेची पत्रं एका फाइलमध्ये न्या. शक्य असेल तर तिला रिक्षात थांबवून तुम्ही रांगेत उभ्या राहा. आयकराच्या जुन्या पद्धतीत ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट मिळते, त्यालाही दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ या आरोग्य विमा योजनेत एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही समावेश होतो.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, स्वमग्न. मी तीन महिन्यांपासून घरी आहे, बायको नोकरी करते. मुलगी आता बरी दिसते, परवा हसत हसत गाणी लावून नाचली. शाळा म्हणते, सोमवारपासून पाठवा नाहीतर दाखला घेऊन जा. — एक बाबा, पुणे

उत्तर : दोन्ही गोष्टींना नाही म्हणा. एक चांगला दिवस म्हणजे ताकद परत आली असं नाही. अनेक घरांत इथेच घात होतो : मूल हसलं, सोमवारी शाळेत गेलं, गुरुवारी पुन्हा कोसळलं, आणि दुसऱ्या वेळी सावरायला पहिल्यापेक्षा जास्त काळ लागला. नाचणं आनंदाचं आहेच, पण आम्ही दुसऱ्याच खुणा बघतो. तिला कंटाळा येतो का? स्वतःहून काही मागते का? नावडती छोटी गोष्ट, म्हणजे नखं कापणं, झाल्यावर तासाभरात सावरते का, की दुसरा दिवसही जातो? हे दोन-तीन आठवडे टिकलं की पुढचं पाऊल.

ते पाऊल शाळेचं नको. आधी इमारतीखाली दहा मिनिटं, मग ओळखीच्या दुकानापर्यंत, मग कमी गर्दीच्या वेळी शाळेचं फाटक. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस दोन तास, आवडीच्या विषयाचे, आणि प्रार्थना झाल्यावर. परिपाठाची रांग आणि लाउडस्पीकर हा दिवसातला सर्वांत महाग खर्च असतो. प्रत्येक टप्प्यावर निदान दोन आठवडे थांबा. झोप तीन रात्री बिघडली किंवा खाणं घटलं, तर एक टप्पा मागे या, शून्यावर नको.

दाखला आत्ता काढू नका. मुख्याध्यापकांना वैद्यकीय पत्रासह लेखी अर्ज द्या : दीर्घ रजा, कमी वेळेची उपस्थिती, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक. २०१६च्या कायद्याप्रमाणे सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने अशा वाजवी सोयी करायच्या असतात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मार्ग खुंटलाच, तर एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावीची माध्यमिक परीक्षा १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना देता येते. किमान पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते, वर्षातून दोनदा परीक्षा, म्हणजे एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो. थकलेल्या मुलांसाठी आम्हाला ही सोय राज्य मंडळाच्या १७ नंबर फॉर्मपेक्षा (बाहेरून परीक्षा देण्याच्या अर्जापेक्षा) जास्त पटते, कारण विषय सुटे करता येतात. तिच्याहून लहान, आठवीपर्यंतची मुलं असलेल्या पालकांसाठी : शिक्षण हक्क कायद्यात शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे, ‘वर्ष वाया जाईल’ या भीतीने घाई करू नका.

प्रश्न : दोन वर्षं घरी आहे. मुलगा सावरतोय. मी परिचारिका होते. परत घेतील का? आणि मीच थकलेय, ते कोणाला सांगू? — कोल्हापूर

उत्तर : नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी करा, बाकी सगळं नंतर. अर्जात मधली दोन वर्षं लपवू नका. ‘कौटुंबिक काळजीसाठी विराम’ एवढी एक ओळ आणि तारखा पुरेत. पूर्ण वेळेऐवजी आधी अर्धवेळ किंवा ओपीडीची पाळी मागा. रात्रपाळी निदान वर्षभर नको, मुलाची झोप तुमच्या झोपेवर उभी आहे. पहिल्या महिन्यात मुलाच्या दिनक्रमात दुसरा कोणताही बदल करू नका : नवी शाळा, नवा थेरपिस्ट, घर बदलणं, काहीच नाही. तुमच्या जागी जे कोणी घरी असेल, त्यांनी तुम्ही कामावर जाण्याच्या निदान चार आठवडे आधीपासून रोज तोच वेळ मुलाबरोबर काढायला हवा, आधी तुम्ही घरात असताना, मग तुम्ही बाहेर असताना.

थकव्याचं घरात स्पष्ट सांगा, आणि मदत आकड्यात मागा. ‘जरा हात लावा’ असं म्हटलं तर कोणी काही करत नाही. बुधवारी आणि शनिवारी दुपारी ३ ते ७ मुलगा बाबांकडे किंवा मामाकडे, रुग्णालयाच्या सगळ्या फेऱ्या आणि शाळेचा पत्रव्यवहार यजमानांकडे, असं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्या चार तासांत घरकाम करायचं नाही. तुमचा रक्तदाब, साखर आणि थायरॉइड याच आठवड्यात तपासून घ्या. तुम्ही परिचारिका आहात, रुग्णाला तुम्ही हेच सांगितलं असतं. झोप लागत नसेल किंवा रडू आवरत नसेल, तर १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. मुंबईत फोरम फॉर ऑटिझम हा पालकांचाच गट आहे. तुमच्या जिल्ह्यात असा गट सापडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र निदान व उपचार केंद्रात विचारा, तिथे येणारे पालक एकमेकांना भेटतात आणि बहुतेक गटांची सुरुवात तिथल्याच बाकांवर होते.